वर्ध्याला या, पण जेवाल कुठे?

पाँडिचेरीत मी फ्रेंच शिकवते आणि सुटीच्या दिवशी फ्रान्सहून आलेल्या पाहुण्यांना जुनी वस्ती फिरवून दाखवते. दुप्ले कोण होता हे त्यांना नंतर हवं असतं. आधी विचारतात, जेवायचं कुठे आणि प्यायचं कुठे. त्याचं उत्तर मला झोपेतही देता येतं. यंदा मात्र त्यांच्यातलंच एक वयस्क जोडपं डिसेंबरच्या शेवटी दोन दिवस वर्ध्याला यायचं आहे. दोघांनी लांझा देल वास्तोचं पुस्तक वाचलेलं. हा गृहस्थ १९३७ साली वर्ध्याला गांधीजींकडे येऊन राहिला, गांधीजींनी त्याला शांतिदास हे नाव दिलं, आणि परत गेल्यावर फ्रेंचमध्ये लिहिलेलं त्याचं यात्रावर्णन १९४३ साली निघालं. तिकडे ते अजून वाचलं जातं. तर या दोघांनी माझ्या गावाबद्दल तोच प्रश्न विचारला, आणि जिथे मी लहानाची मोठी झाले त्या गावाचं उत्तर मला चटकन देता येईना.

दिवाळीला घरी गेले तेव्हा कोरा कागद मामांपुढे ठेवला. मामा निवृत्त शिक्षक. खादी घालतात, चहा पीत नाहीत, दारूबंदीवरचे विनोद त्यांना चालत नाहीत. पुढचं बोलणं बरंच कापून-छाटून देते आहे. मामांनी ते वाचलंय. आपण इतकं बोललो नव्हतो, असं त्यांचं म्हणणं आहे. ते बोलले होते.

मामा: प्यायचं कुठे, याचं उत्तर सोपं आहे. माठातलं पाणी.

मी: मामा, थट्टा नको. त्यांच्याकडे जेवणासोबत वाइनचा पेला असतो. नशेसाठी नव्हे, जेवणाचा भाग म्हणून.

मामा: असू दे न. त्यांना स्पष्ट लिही. हा जिल्हा सत्तरच्या दशकापासून कोरडा आहे. दुकान नाही, बार नाही, मोठ्या हॉटेलातही मिळायची नाही. गांधी-विनोबांच्या जिल्ह्यात दोन दिवस पेल्याविना जेवून पाहा म्हणावं. काही होत नाही.

मी: हे अर्धंच खरं झालं. पुलगावचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. देवळीच्या पुढे नदी ओलांडली की यवतमाळ. इकडे नागपूर तर तासा-दीड तासावर. ज्याला प्यायची तो जातो आणि पिऊन येतो. आणि जो जात नाही त्याची सोय इथेच होते. तुमच्या पेपरात दर आठवड्याला मोहाचा सडवा नष्ट केल्याची बातमी असते, ती कुठली? पॅरिसची?

मामा: चोऱ्या होतात म्हणून चोरीचा कायदा काढून टाकायचा का? चंद्रपूरचं पाहा. २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठवली. बंदी मागायला मोर्चे कोणी काढले होते? बायकांनी. उठवताना त्यांना कोणी विचारलं?

मी: पाँडिचेरीत याच्या बरोबर उलट आहे. कर कमी, म्हणून शेजारच्या तामिळनाडूतले लोक शनिवार-रविवारी आमच्याकडे येतात. आमच्याकडे लोक प्यायला आत येतात, तुमच्याकडचे बाहेर जातात. पिणारा पितोच.

मामा: पितोच, पण घरापासून चाळीस किलोमीटर लांब जाऊन पितो. त्याच्या बायकोला विचार, या चाळीस किलोमीटरचं मोल काय असतं ते.

हा वाद आमच्यात मिटत नाही. पण मामांसमोर मी कबूल केली नाही अशी एक गोष्ट इथे लिहायला हरकत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत रात्री साडेआठला एकट्या बाईने जेवायला कुठे बसायचं हा प्रश्नच असतो. महामार्गावरच्या दर दुसऱ्या पाटीवर ‘बार अँड रेस्टॉरंट’ लिहिलेलं असतं आणि ‘फॅमिली रूम’ म्हणून कोपऱ्यात एक कोंदट खोली. वर्ध्यात ती खोलीच नाही. जे हॉटेल आहे ते सगळंच सगळ्यांचं. मी कॉलेजात असताना मैत्रिणींसोबत उशिरापर्यंत जेवत बसायचे आणि त्यात काही विशेष आहे हे नागपूरला गेल्यावर कळलं. किंमतही आहे: नऊनंतर गाव झोपतं, आणि हॉटेलवालेही शटर अर्धं ओढून तुमचं जेवण कधी संपतं याची वाट पाहतात.

मामा: आता जेवणाचं बोल. पहिलं जेवण सेवाग्रामलाच. गावापासून आठ किलोमीटर. आदी निवास पाहतील, बापूकुटी पाहतील, आणि तिथेच आश्रमाच्या परिसरात साधं जेवण करतील. भाकरी, कमी तिखटाची भाजी, वरण, भात, ताक.

मी: आणि दुपारी दोनला पुन्हा भूक लागेल. मामा, ही चव नसलेली भाजी आपण स्वतः घरी खात नाही. तुम्हीसुद्धा मामीच्या हातचा ठेचा सोडत नाही. मग पाहुण्यालाच का ती? अमेरिकन पत्रकार लुई फिशर १९४२ च्या जूनमध्ये तिथे आठवडाभर राहिला. पंगतीत रोज पालक आणि भोपळ्याचा तो लगदा. दोन-तीन वेळा खाल्ला, मग घेईना. गांधीजींच्या लक्षात आलं. म्हणाले, भरपूर मीठ-लिंबू घालून खा. हा म्हणाला, म्हणजे चव मारून टाकू? गांधीजी म्हणाले, छे, चव वाढवायची. त्यावर त्याने टोला दिला की तुमची अहिंसा चवीलाही मारू देत नाही.

मामा: आणि त्याच माणसाने त्या एका आठवड्यावर पुस्तक लिहिलं, मग गांधींचं मोठं चरित्र लिहिलं. त्याला भाजी आवडली नाही हे खरं. पण ती भाजी खाल्ली म्हणून तो पंगतीत होता. वर्ध्याचा जून तुला माहीत आहे. तो पाण्याच्या टबात खोकं ठेवून त्यावर बसायचा आणि बाहेर दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर ठेवून टाइप करायचा. नागपूरला एखाद्या बड्या हॉटेलात उतरून रोज मोटारीने आला असता तर हे पुस्तक झालं असतं का?

मी: तो गांधींसोबत जेवत होता. आता गांधी नाहीत, भोपळा तेवढा राहिला.

मामा: बोल, बोल. अकरा व्रतांत अस्वाद हे एक व्रत आहे. जिभेसाठी खायचं नाही, शरीरासाठी खायचं. ते ज्याला पटत नाही त्याने निदान एक दिवस करून पाहावं. देवळात गेलो की चपला काढतो न आपण?

मी: मला ते व्रत कळतं. पण तुम्ही सांगता तेवढे गांधीजी जिभेला कंटाळलेले नव्हते हो. १९३५ साली वर्ध्यातल्या मगनवाडीत त्यांनी स्वयंपाकघराची व्यवस्था स्वतः हातात घेतली होती. काय काय केलं? सोयाबीन खाऊन पाहिलं, कच्चा कांदा, कच्चा लसूण, चिंच, कडुलिंबाचा पाला. कोणाला काय मानवतं, खर्च किती येतो, याच्या नोंदी. हा माणूस चव टाळत नव्हता, खाण्याच्या मागे लागला होता. त्याचं स्वयंपाकघर रोज बदलत होतं. आपण ते १९४२ वर थांबवून पर्यटकाला दाखवतो, काचेच्या कपाटातल्या चष्म्यासारखं.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग उठून आतून पाणी पिऊन आले. वर्गात अवघड प्रश्न आला की ते असंच करायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात.

मामा: बरं. मग व्रत बाजूला ठेव. कुमारप्पांचं घे. १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पा त्याचे चिटणीस, मगनवाडी हे ठिकाण. कोलंबियात शिकलेला, हिशेब तपासणारा माणूस. तो काय सांगत होता? हातसडीचा तांदूळ खा, घाणीचं तेल खा, साखर सोडून ताडगूळ खा. का? पॉलिश केलेल्या तांदळातलं सत्त्व कोंड्यात जातं, हे एक. आणि ती सडणारी बाई, तो तेली, तो ताडावर चढणारा, यांच्या हातचं काम गिरणीत जातं, हे दुसरं. ताटात काय आहे यापेक्षा ताटातला पैसा कुठे जातो, हे पाहा म्हणत होता. तुझ्या फ्रेंच पाहुण्यांना हे ताट दाखव. चव मी मागत नाही.

मी: हे मान्य. आता याच मापाने सगळं मोजू. सकाळी साडेसातला मी त्यांना तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पाठवणार आहे. बाई पहाटे चारला उठते, चणे शिजवते, नवरा ठेला लावतो. पैसा गावातच राहतो. कुमारप्पा पास करतील की नाही?

मामा: पोहे पास. तर्री नापास.

मी: काहून?

मामा: त्या वरच्या लाल थरात काय असतं? रिफाइंड. ते कोणत्या घाणीतून आलं?

इथे थांबून वाचकांना ही तर्री जवळून दाखवायला हवी. पुण्या-मुंबईकडचे लोक तिला मिसळीचा कट समजतात. पोहे वाफवलेले, पिवळे, कोरडे. त्यावर पळीभर काळ्या चण्यांचा रस्सा, पण रस्सा घेण्याआधी पळी पातेल्याच्या वरच्या थरातून आडवी ओढतात, म्हणजे तेल आधी येतं आणि चणे मागून. वर चिरलेला कांदा, चिमूटभर शेव, लिंबाची फोड. रस्सा पोह्यांत मुरायच्या आत खाऊन झालं पाहिजे. कागदाच्या प्लेटच्या खाली लाल ठिपका उमटतो आणि मग बोटांवरून तो दुपारपर्यंत जात नाही. ज्याला ‘मारके’, म्हणजे भरपूर, तर्री हवी तो पातेल्याच्या बाजूला उभा राहतो.

मी: मामा, ते रिफाइंड पुष्कळदा सोयाबीनचं असतं. सोयाबीन! १९३५ ला मगनवाडीत जे गांधीजी शिजवून खाऊन पाहत होते, ते आज आपल्या जिल्ह्यात कपाशी-तुरीच्या जोडीला शेतोशेती उभं आहे. पण शिजवून कोणीच खात नाही. ते बाजार समितीत जातं, तिथून तेलाच्या कारखान्यात, पेंड कोंबड्यांना जाते आणि तेल पाकिटात भरून परत आपल्याच किराणा दुकानात येतं. मग ते तर्रीवर तरंगतं.

मामा: म्हणजे माझंच म्हणणं तू सांगतेस.

मी: तुमचंही आणि माझंही. सेवाग्रामला जेवून हे कळणार नाही. सकाळी तर्री खाल्ली, मग मगन संग्रहालयात जाऊन घाणी आणि चरखे पाहिले, तर कळेल. म्हणून क्रम मला उलटा हवा. आधी ठेला, मग १९३८ चं संग्रहालय, मग आश्रमाची पंगत. पोटात तर्री असताना ती वरणाची वाटी कशी लागते ते त्यांना कळू दे.

मामा: पोटात तर्री असली तर त्यांना दुसरंच काही कळेल.

(हे मात्र खरं आहे. दोघंही साठी ओलांडलेली आहेत.)

मी: सावजी?

मामा: नाही. दोन दिवसांच्या पाहुण्याला आपण जाळायचं नाही.

मी: तिखटाचं मी सांभाळते. पण एक ऐका. सावजी कोणाचं खाणं? नागपूरच्या कोष्टी विणकरांचं. दिवसभर मागावर बसलेल्या माणसाचं रात्रीचं जेवण. जो जिल्हा जगाला सूत आणि खादी शिकवतो, त्याने विणकराचं जेवण तिखट म्हणून नाकारायचं?

मामा: विणकराचं जेवण त्याच्या घरी. आज हॉटेलच्या पाटीवर जे सावजी लिहिलेलं असतं, ते तेलाचं आणि तिखटाचं प्रदर्शन आहे. तू मघाशी काचेच्या कपाटातला चष्मा म्हणालीस, तेच इथे लागू कर.

हा गुण मी मामांना दिला. सावजी कागदावरून गेलं. त्याबदली डाळकांदा आणि पाटवडी-रस्सा ठेवला. बेसनाच्या वड्या दातांना लागतात आणि रस्सा सोसवत नसेल तर बाजूला ठेवता येतो.

गोरस भंडार या दुकानावरून आमचा वाद झालाच नाही. जमनालाल बजाजांनी शेवटच्या दिवसांत सगळं सोडून गोसेवा हाती घेतली, १९४१ ला गोसेवा संघ काढला आणि १९४२ च्या फेब्रुवारीत गेले. या गाईच्या कामातून जे गावाच्या जिभेवर उरलं ते गोरसपाक. गाईच्या तुपातली, वेलचीचा वास असलेली ही खुसखुशीत वडी धड मिठाई नाही आणि धड बिस्किटही नाही. ब्रिटनी प्रांतात लोण्याची ‘साब्ले’ बिस्किटं होतात, त्यांच्या शेजारी ठेवली तर पाहुण्यांना नातं लगेच ओळखू येईल. तोडताना खाली हात धरावा लागतो, आणि हातावर पडलेला चुरा टाकून देणारा वर्धेकर मी पाहिलेला नाही. बाहेरगावी निघालेल्या माणसाच्या पिशवीत तो पुडा असतोच. मामांची एकच सूचना होती: आर्वी-कारंजाकडची पांढरी गवळाऊ गाय त्यांना दाखव, ही याच मातीतली जात आहे, तूप खाताना गाय कोणती हे माहीत असावं.

मामा: डिसेंबर आहे न? तुरीच्या शेंगा आलेल्या असतील. सोलेभात, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, ज्वारीची भाकर, वायगावच्या हळदीचं फोडणीचं वरण. त्या हळदीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, लिही तेही. याच्यापुढे तुझं फ्रान्स काय देणार?

मी: हे मिळतं कुठे, मामा? मी हॉटेलांची कार्डं चाळली. पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, हाक्का नूडल्स. सोलेभात मला एकाही कार्डावर दिसला नाही. एका हॉटेलात विचारलं तर वेटर म्हणाला, ताई, ते तर घरी खातात. माझं खरं भांडण इथे आहे. पाहुण्याला आपण एकतर आश्रमातलं फिकं देतो, नाहीतर पंजाबचं लाल. मधलं जे आपलं आहे ते दाराआड ठेवतो. त्याची आपल्याला लाज वाटते की त्याचे पैसे मागायची लाज वाटते, ते मला कळत नाही.

मामा: पैसे मागायची. भाकरीचे पैसे घेणं आपल्याकडे अजून जड जातं.

मी: आणि पाणी मिसळलेल्या पनीरचे घेताना जात नाही?

मामा: तुझ्या पाँडिचेरीत काय वेगळं आहे? तिथे फ्रेंच पाहुण्याला काय खाऊ घालतेस?

मी: पहिल्या दिवशी सकाळी बेकरीतला पाव आणि लोणी. त्यांना आपल्या गावचा पाव इथे कसा लागतो हे पाहायचं असतं. रात्री तमिळ जेवण, केळीच्या पानावर. दुसऱ्या दिवशी दुपारी...

मामा: दुपारी?

मी: अरविंद आश्रमाच्या भोजनालयात. वरण, भात, एक भाजी, दही, पाव, केळं. मसाला जवळजवळ नाहीच.

मामा: म्हणजे फिकं.

मी: फिकं.

मामा: आणि कुरकुर करतात?

मी: नाही. गप्प बसून जेवतात, आपलं ताट नेऊन देतात. त्या आश्रमाच्या माताजी स्वतः पॅरिसच्या, त्यामुळे त्यांना ते परकं वाटत नाही.

मामा: गांधीजी १९३४ च्या फेब्रुवारीत पाँडिचेरीला गेले होते, ठाऊक आहे न? अरविंदांना भेटायची इच्छा होती. भेट झाली नाही. त्याच वर्षी ते वर्ध्याला आले. दोन आश्रम, दोन्हीकडे मसाला नाही. एकातून बाहेर पडलं की वाइन मिळते, दुसऱ्यातून पडलं की मिळत नाही, एवढाच फरक.

मी: एवढाच नाही. तिथे भोजनालयातून बाहेर पडलं की पुढे अख्खं गाव जेवायला घालायला उभं असतं. आश्रमाचं जेवण हा तिथे अनेकांतला एक अनुभव. इथे तोच एक.

यावर मामांनी कागद माझ्या हातून घेतला आणि आपल्या अक्षरात लिहू लागले. मराठीत लिहिलं, भाषांतर माझ्याकडे. पहिला दिवस: सकाळी पोहे, मग मगन संग्रहालय, अकराच्या सुमारास सेवाग्राम, तिथेच जेवण, संध्याकाळची प्रार्थना चुकवू नये. दुसरा दिवस: पवनार, धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम, परत येताना गोरस भंडार. दुपारी खानावळीत झुणका-भाकर, ठेचा बाजूला मागून घ्यावा. सोलेभात आणि भरीत यांच्यासमोर ‘चौकशी चालू’ असं लिहिलं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरच्या बायका सणावाराला जेवण करून देतात. पैसे ठरवून, आधी सांगून, चार माणसांचं करतील का हे मामा विचारणार आहेत. रीतसर पैसे द्यायचे, ही अट माझी. अवाजवी द्यायचे नाहीत, ही त्यांची.

प्यायचं: माठाचं पाणी, ताक, अंबाडीच्या लाल फुलांचं सरबत, आणि चहा. चहा लिहिताना मामांचं पेन जरा अडलं.

मी: आणि पुलगावच्या पुलाचं?

मामा: लिहायचं नाही.

मी: त्यांनी विचारलं तर खोटं सांगणार नाही.

मामा: विचारलं तर सांग. कागदावर नको. आणि हे बघ, ठेल्यावर जाताना तू सोबत नसशील. त्यांना ‘तर्री कमी’ एवढं म्हणायला शिकवून ठेव. ठेलेवाल्याला फ्रेंच येत नाही.

मी: मामा, ‘तर्री कमी’ म्हटलेलं त्याला मराठीतही ऐकू येत नाही.